चौदाव्या शतकांतील युरोपीय महामारी : तिथिक्रमावरून कांहीं विचार

संस्कृत हा आमचा मूळ विषय. परंतु शाळेंत शिक्षकांची नेहमींच ओढाताण असल्यामुळें सुमारें तीस वर्षें इतिहासाचे तासहि आमच्याकडे येत गेले. युरोपचें मध्ययुग शिकवितांना आम्ही फळ्यावर एक साखळी लिहीत असूं. महामारी आली; अज्ञानी लोक भयानें भ्रमिष्ट झाले; त्या भ्रमांत त्यांनीं यहुद्यांना जाळलें; ईश्वर वांचवीत नाहीं असें पाहून धर्मपीठावरील श्रद्धा उडाली; आणि त्यांतून पुढें धर्मसुधारणा उदयास आली. साखळी सुटसुटीत होती. मुलें ती पाठ करीत व परीक्षेंत गुण मिळवीत. निवृत्तीनंतर फुरसतीनें या विषयावरील ग्रंथ वाचूं लागलों, आणि शकावलीच्या पद्धतीनें एका कागदावर डावीकडे महामारीच्या तिथि व उजवीकडे इतर घडामोडींच्या तिथि मांडल्या, तेव्हां या साखळीचे दोन दुवे जागच्या जागीं निखळले. ते कोणते व कसे, हें सांगण्यासाठीं प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे.

प्रथम महामारीविषयीं अवश्य तेवढें सांगतों. शके १२६९ मध्यें, म्हणजे ज्या वर्षीं दौलताबादेस हसन बहामनी तख्तावर बसला त्याच इ. स. १३४७ च्या ऑक्टोबरांत, काळ्या समुद्राकडून आलेलीं जिनोवाचीं गलबतें सिसिली बेटांतील मेसिना बंदरास लागलीं. त्यांजबरोबर रोग आला. पुढील वर्षीं इटली, फ्रान्स, स्पेन व इंग्लंडचा दक्षिण किनारा, १३४९ सालीं जर्मनीचा बराच भाग, व त्यानंतर उत्तरेकडील देश असा त्याचा प्रवास झाला. युरोपांतील तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत वस्ती नष्ट झाली, असा बहुतेक अभ्यासकांचा अंदाज आहे. कांहीं याहून मोठा आंकडा धरितात. सर्वत्र सारखाच संहार झाला असें मात्र नव्हे. तळ्यांच्या व दलदलींच्या गाळांत सांपडणाऱ्या परागकणांचें परीक्षण करून २०२२ सालीं जें संशोधन प्रसिद्ध झालें, त्यावरून कांहीं प्रदेशांत शेती ओस पडली तर कांहीं प्रदेशांत ती चालूच राहिली, असें दिसतें.

रोगाचें मूळ मध्य आशियांत असावें हा तर्क जुनाच आहे. इस्सिक-कुल सरोवराजवळच्या ख्रिस्ती दफनभूमींतील १२४८ ते १३४५ या काळांतल्या ४६७ कालनिर्दिष्ट शिलांपैकीं ११८ शिला एकट्या १३३८-३९ या दोन सालांच्या आहेत, व त्यांतील कांहींवर मृत्यूचें कारण महामारी असें सिरियाक भाषेंत स्पष्ट कोरलेलें आहे. तेथें पुरलेल्या माणसांच्या दांतांत प्लेगच्या जंतूंचे अवशेष मिळाल्याचें २०२२ सालींच जाहीर झालें. शिलालेख व जंतुशास्त्र एकमेकांस साक्ष देतात असा हा योग आमच्या वाचकांस विशेष रुचेल. हा जंतु यर्सिननें १८९४ सालीं हाँगकाँगमध्यें ओळखला, व उंदरावरील पिसवांच्या द्वारें तो पसरतो हें सिमों या फ्रेंच वैद्यानें १८९८ सालीं कराचीस दाखविलें. म्हणजे चौदाव्या शतकांत खरें कारण कोणासहि ठाऊक असणें शक्य नव्हतें, ही गोष्ट पुढील विवेचनांत लक्षांत ठेविली पाहिजे.

‘काळा मृत्यु’ हें प्रसिद्ध नांवहि त्या काळचें नव्हे. समकालीन लेखक ‘महामृत्यु’, ‘मोठी मरी’ अशाच अर्थाचे शब्द योजितात. लॅटिनमधील ‘आत्रा’ या विशेषणाचा अर्थ काळी व भयंकर असा दुहेरी होतो. तेव्हां भयंकर या अर्थीं योजलेल्या शब्दाचें पुढें कोणी ‘काळा’ असें भाषांतर केलें असावें, असें एक मत आहे. संस्कृतांत ‘काल’ शब्दाची हीच गंमत आहे. रंग, समय आणि यम हे तिघेहि त्यांत एकत्र नांदतात. असो.

विद्वानांनीं रोगाची उपपत्ति काय लाविली, हें पाहण्यासारखें आहे. फ्रान्सच्या राजानें विचारल्यावरून पॅरिसच्या वैद्यकपीठानें ऑक्टोबर १३४८ मध्यें आपला अभिप्राय दिला. २० मार्च १३४५ रोजीं कुंभ राशींत शनि, गुरु व मंगळ यांची युति झाली. तिच्या योगें पृथ्वीवरून दूषित बाष्पें निघालीं व हवा बिघडली, असा त्याचा इत्यर्थ आहे. हें वाचून आम्हांस चरकसंहितेच्या विमानस्थानांतील जनपदोद्ध्वंसाचा अध्याय आठवला. माणसांच्या प्रकृति भिन्न असतां एकाच वेळीं एकाच रोगानें सर्व देश कां नष्ट होतो, असा अग्निवेशाचा तेथें प्रश्न आहे. आणि वायु, उदक, देश व काल हीं चार सर्वांस समान असल्यामुळें तीं बिघडलीं म्हणजे सर्वच बिघडतात, असें आत्रेयांचें उत्तर आहे. पॅरिसचे वैद्य व आत्रेय यांचा परस्परसंबंध जोडण्याचा आमचा हेतु नाहीं. मात्र एक भेद नोंदण्याजोगा आहे. त्या चारांच्या बिघाडाच्या मुळाशीं आत्रेय अधर्म ठेवितात, आणि त्या अधर्माची सुरुवात देशाच्या व नगराच्या प्रमुखांपासून होते असें सांगतात. शेजाऱ्यावर ते दोष ढकलीत नाहींत. युरोपांतहि पोप, बिशप व बहुतेक उपदेशक आपल्याच समाजाच्या पापाकडे बोट दाखवीत होते. दोष शेजाऱ्याकडे कसा वळला, हा खरा प्रश्न आहे, व त्याकडे आम्ही येणारच आहों.

तत्पूर्वीं श्रद्धेचा दुवा उरकून घेऊं, कारण तो लवकर उरकण्यासारखा आहे. महामारी १३४९ ची, व लूथरचें प्रकरण १५१७ चें. मध्यें १६८ वर्षें जातात. या अवधींत श्रद्धा ओसरल्याचा पुरावा शोधावा तर उलटाच सांपडतो. फ्लॉरेन्समधील ओर्सानमिकेले येथील धर्मसंघास १३४८ सालच्या मृत्युपत्रांतून साडेतीन लक्ष फ्लोरिन मिळाले, असें मात्तेओ व्हिल्लानी हा वृत्तकार लिहितो. वृत्तकारांचे आंकडे बखरींतल्या आंकड्यांप्रमाणेंच सावधगिरीनें घ्यावे लागतात हें खरें. परंतु मरणाऱ्यांची द्रव्ये कोणत्या दिशेनें वाहत होतीं हें त्यावरून कळतें. केंब्रिज येथें नॉरिचच्या बिशपानें १३५० सालीं ट्रिनिटी हॉल स्थापिलें तें महामारींत मेलेल्या धर्माधिकाऱ्यांची उणीव भरून काढण्यासाठीं. व दोनच वर्षांनीं तेथील नागरिकांच्या संघांनीं दुसरें एक विद्यालय काढलें. पोपनें १३५० हें जयंतीवर्ष जाहीर केलें तेव्हां रोमकडे यात्रेकरूंची रीघ लागली.

मग धर्मोपदेशकांविषयींच्या ज्या तक्रारी त्या काळच्या वाङ्मयांत आढळतात त्यांचें काय? त्यांचा अर्थ नीट लाविला पाहिजे. मरणाऱ्याच्या उशाशीं बसून अंत्यसंस्कार देणें हें उपदेशकाचें कर्तव्य होतें. तें ज्यांनीं पाळलें ते मोठ्या संख्येनें मेले. इंग्लंडांतील बिशपांच्या दप्तरांवरून तेथील वृत्तिधारक उपदेशकांपैकीं शेंकडा चाळीस किंवा त्याहून अधिक गेले असें निघतें. बाथ व वेल्स येथील बिशपानें जानेवारी १३४९ मध्यें असें पत्रक काढलें कीं, उपदेशक न मिळाल्यास मरणाऱ्यानें कोणाहि सामान्य माणसाजवळ, आणि पुरुष नसेल तर स्त्रीजवळहि, पापाचें निवेदन करावें. मध्ययुगीन बिशपाच्या लेखणींतून हें वाक्य किती संकटानें उतरलें असेल! उपदेशक थोडे व मृतांसाठीं प्रार्थना करविणारे फार, असें झाल्यावर उपदेशकांचें वेतन चढलें, तेव्हां १३५० सालीं कँटरबरीच्या आर्चबिशपास तें नियमानें बांधून द्यावें लागलें. त्याच्या आदल्याच वर्षीं मजुरांची मजुरी महामारीपूर्वींच्या दरावर गोठविण्याचा राजाचा हुकूम निघाला होता, व १३५१ सालीं त्याचा कायदा झाला. हे दोन्ही हुकूम एकाच जातीचे आहेत. लोक उपदेशकांवर रागावले ते ते महाग झाले म्हणून. आणि मागणी होती म्हणून ते महाग झाले. ज्या वस्तूवरचा विश्वास उडाला तिचा भाव चढत नसतो.

आतां मुख्य विषय. यहुद्यांनीं विहिरींत विष कालविलें म्हणून महामारी झाली, हा आळ भयग्रस्त लोकांच्या डोक्यांतून ऐन साथींत निघाला, अशी आमची समजूत होती. तिथि काय सांगतात पाहा. विहिरींतील विषाची कल्पना महामारीपेक्षां जुनी आहे. १३२१ सालीं, म्हणजे मेसिनाच्या गलबतांपूर्वीं २६ वर्षें, कोठलीहि मोठी साथ नसतां फ्रान्समध्यें महारोग्यांवर व मागाहून यहुद्यांवर हाच आळ येऊन अनेकांना जाळण्यांत आलें होतें. साचा तयारच होता. १३४८ मध्यें तो पुन्हां काढला गेला.

आणि तो काढल्यावर प्रथम त्यांत कोणाला बसविलें, हेंहि चिंतनीय आहे. १७ एप्रिल १३४८ रोजीं नार्बोनच्या अधिकाऱ्यानें स्पेनमधील जिरोनाच्या पंचांस लिहिलेलें उत्तर उपलब्ध आहे. पाण्यांत व अन्नांत चूर्णें टाकणारे कांहीं लोक पकडले असून नार्बोनांत चौघांस व कार्कासोनांत पांचांस देहान्त शासन झालें, असें तो कळवितो. हे पकडलेले लोक कोण? निरनिराळ्या देशांचे भिकारी व गोरगरीब. यहुद्यांचा त्यांत उल्लेख नाहीं. उलटपक्षीं त्याच महिन्यांत तुलों येथें रोग चालू असतां तेथील यहुदी वस्तीवर रात्रीं हल्ला होऊन चाळीस माणसें मारलीं गेलीं. परंतु तेथें विषाच्या आळाचा पत्ता लागत नाहीं, ती निव्वळ लूट व दंगल दिसते. म्हणजे वसंत ऋतूपर्यंत विषाचा आळ एकीकडे व यहुद्यांवरील हल्ले दुसरीकडे असे निरनिराळे चाललेले होते.

दोहोंची गांठ पडली ती सव्हॉयच्या मुलुखांत. जिनिव्हा सरोवरांतील शियोंच्या किल्ल्यांत सप्टेंबर १३४८ मध्यें कांहीं यहुद्यांना यातनायंत्रावर चढवून त्यांचे कबुलीजबाब घेतले गेले. त्यांत तोलेदोच्या कोणा धर्मपंडितानें विष पाठविलें, तें चामड्याच्या पुडींत होतें, अमुक विहिरींत टाकलें, इत्यादि तपशील आहे. हे कागद नक्कल करून शहरोशहरीं पाठविले गेले. स्ट्रासबुर्गच्या नगरसभेस शियोंच्या किल्लेदारानें धाडलेली प्रत प्रसिद्ध आहे. येथें आमच्या फळ्यावरील ‘अज्ञानी लोक’ हे शब्द खोटे ठरतात. हें काम दप्तरदारांचें होतें. रोगाच्या पुढें हे कागद धांवत होते, आणि जेथें जेथें ते पोंचले तेथें रोग येण्याच्या आधींच चिता पेटल्या. बाझेल येथें जानेवारी १३४९ मध्यें ऱ्हाईन नदींतील बेटावर लांकडी घर उभारून त्यांत यहुद्यांना जाळलें. रोग तेथें अद्याप पोंचला नव्हता. एर्फुर्टचा संहार २१ मार्च १३४९ चा. रोग पुढील वर्षाचा. न्यूरेंबर्गांत ५ डिसेंबर १३४९ रोजीं साडेपांचशेंहून अधिक माणसें मेलीं. त्या सालीं त्या शहरांत महामारीचा उपद्रव आढळत नाहीं.

स्ट्रासबुर्गचें प्रकरण सर्वांत सविस्तर नोंदलेलें असल्यामुळें तेथें थोडें थांबूं. नगरसभेचे तीन प्रमुख, व त्यांत पेटर श्वार्बर हा मुख्य, यहुद्यांना शिक्षा देण्याच्या विरुद्ध होते. अपराध सिद्ध झाला नाहीं, व नगरानें या लोकांस लेखी अभय दिलेलें आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. कोलोनच्या नगरसभेनेंहि १२ जानेवारी १३४९ च्या पत्रानें स्ट्रासबुर्गला सबुरीचा सल्ला दिला. महामारी ही ईश्वरी क्षोभ आहे असें आम्ही समजतों, आणि एकदां जमावास मोकळीक दिली तर पुढें कोणास आवरतां येणार नाहीं, असा त्या पत्राचा आशय आहे. बेनफेल्ड येथें एल्सासमधील बिशप, सरदार व नगरें यांची बैठक भरली. तेथें स्ट्रासबुर्गच्या वकिलांनीं आमची यहुद्यांविषयीं कांहींच तक्रार नाहीं असें सांगतांच, मग तुमच्या विहिरींवर झांकणें कां घातलींत व पोहरे कां काढून ठेविलेत, असा त्यांस उलट प्रश्न झाला. त्या प्रश्नानें वादाचा निकाल लागला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत कारागिरांच्या श्रेणींनीं चौकांत जमून तिघांनाहि पदच्युत केलें व नवी सभा बसविली. शनिवार, १४ फेब्रुवारी रोजीं यहुद्यांना त्यांच्याच दफनभूमींत नेऊन लांकडी मंचावर जाळण्यांत आलें. वृत्तकार त्यांची संख्या दोन हजार देतात. ती फुगलेली असण्याचा संभव आहे. ज्यांनीं बाप्तिस्मा स्वीकारला ते, व कांहीं मुलें, वांचलीं. त्यांजवळचे कर्जरोखे व गहाणवस्तू ऋणकोंस परत मिळाल्या, आणि सांपडलेली रोकड सभेनें श्रेणींना वांटून दिली. ते दरिद्री असते व सरदार त्यांचे ऋणी नसते तर ते जाळले गेले नसते, असा स्पष्ट अभिप्राय तेथीलच वृत्तकार देतो. महामारी स्ट्रासबुर्गांत आली ती त्यानंतर, उन्हाळ्यांत.

स्वतःस आसूड मारून घेणाऱ्या व्रतस्थांच्या टोळ्यांनीं हे संहार घडविले, असेंहि कोठें कोठें वाचनांत येतें. ख्रिस्ताच्या आयुष्यांतील वर्षांइतके, म्हणजे साडेतेहतीस दिवस, हे लोक गांवोगांव हिंडत. आपला खर्च आपणच सोसत, विवाहित पुरुषास पत्नीची संमति लागे, स्त्रियांशीं बोलण्यास मनाई असे, आणि स्वर्गांतून आलें म्हणून सांगितलेलें एक पत्र ते चौकांत वाचून दाखवीत. त्यांच्या उन्मादाविषयीं शंका नाहीं, व कांहीं नगरांत त्यांनीं आगींत तेल ओतलेंहि असेल. परंतु स्ट्रासबुर्गांत ते आले ते मध्योन्हाळ्यानंतर. तोंवर जाळण्यास तेथें कोणी उरलें नव्हतें. २० ऑक्टोबर १३४९ रोजीं पोपनें त्यांजवर बंदी घातली.

या पोपाची, सहाव्या क्लेमेंटची, बाजू सांगितल्याविना हें निरूपण एकांगी होईल. तो आव्हिन्यों येथें ऐषआरामांत राही, आणि वैद्यांच्या सल्ल्यावरून दोन मोठ्या शेगड्यांच्या मध्यें बसून त्यानें साथ काढली. परंतु जुलै व सप्टेंबर १३४८ मध्यें त्यानें यहुद्यांच्या संरक्षणाचीं आज्ञापत्रें काढलीं. सप्टेंबरच्या पत्रांतील युक्तिवाद कोणाहि नैयायिकास मान्य व्हावा असा आहे: हा रोग यहुद्यांसहि मारीत आहे, आणि जेथें यहुदी मुळींच नाहींत तेथेंहि तो आहे, तेव्हां ते त्याचें कारण नव्हेत. ‘कारण असतां कार्य नाहीं, कारण नसतां कार्य आहे’ हा तर्कशास्त्रांतील व्यभिचारदोषच त्यानें दाखविला. कोनराड मेगेनबर्ग या जर्मन ग्रंथकारानेंहि पुढें लिहिलें कीं, व्हिएन्नांत यहुदी इतके मेले कीं त्यांस आपली दफनभूमि वाढवावी लागली. मग ते स्वतःलाच विष कसें घालतील? रोगाचा जंतु कोणास ठाऊक नव्हता. पण आळ खोटा आहे हें कळण्यास जंतु ठाऊक असण्याची जरूर नव्हती. तेवढें ज्ञान त्या वर्षींच उपलब्ध होतें, व तें पोपच्या मोहोरेनिशीं गांवोगांव गेलेलें होतें.

तें कां चाललें नाहीं, याचें एक कारण कायद्यांत आहे. जर्मनीच्या मुलुखांत यहुदी हे सम्राटाच्या खजिन्याची मालमत्ता समजले जात. चौथा कार्ल या वेळीं नुकता गादीवर येऊन धडपडत होता व त्यास पैशाची व मित्रांची गरज होती. जून १३४९ मध्यें त्यानें फ्रँकफुर्टचे यहुदी त्या नगराकडे १५,२०० पौंड हेलर या रकमेस गहाण टाकले, आणि पुढें ते मारले गेल्यास त्यांची मालमत्ता नगराकडे राहावी, असें कलम त्या करारांत घातलें. महिन्याभरांत ते मारले गेले. न्यूरेंबर्गच्या बाबतींत यहुद्यांचीं घरें पाडून तेथें बाजारपेठ व मेरीचें देऊळ करण्याची परवानगी त्यानें संहाराच्या आदल्याच महिन्यांत दिली होती. ती बाजारपेठ व तें देऊळ आजहि त्या शहरांत आहे.

याच्या शेजारीं दुसरी एक तिथि ठेवितों. मुहंमद तुघलकाच्या पदरीं दिल्लीस काझी असलेला व आपल्या दौलताबादेचें आणि मराठ्यांचें वर्णन करून ठेवणारा प्रवासी इब्न बतूता जुलै १३४८ मध्यें दमास्कसमध्यें होता. तेथें महामारी ऐन जोरांत होती. अधिकाऱ्याच्या हुकुमावरून लोकांनीं तीन दिवस उपास केले. नंतर मुसलमान कुराण घेऊन, यहुदी व ख्रिस्ती आपापले धर्मग्रंथ घेऊन, बायकामुलांसह अनवाणी शहराबाहेरील मशिदीकडे चालत गेले व तेथें सर्वांनीं दुपारपर्यंत करुणा भाकिली, असें तो लिहितो. रोग तोच होता, भयहि तेंच होतें. किंबहुना दमास्कसांत तो दारांत उभा होता व स्ट्रासबुर्गांत अजून वाटेवर होता. भयापासून संहार आपोआप निघतो असें मानल्यास दमास्कसची नोंद निरर्थक ठरते.

ओघानें एक गोष्ट सांगावीशी वाटते. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला तेव्हां त्यावरील लस तेथें तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःला टोंचून घेणारा हाफकीन हा ओडेसाचा यहुदी होता. पुढें १९०२ सालीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं टोंचल्यानंतर १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं तेव्हां दोष त्याच्या माथीं आला, व तो निर्दोष असल्याचें मान्य होण्यास १९०७ साल उजाडलें.

एर्फुर्ट येथें १९९८ सालीं, जुन्या सिनॅगॉगजवळच्या एका घराच्या तळघराच्या भिंतीखालीं, ३,१४१ चांदीचीं नाणीं, चांदीच्या १४ लगडी, आणि पुष्कळसे दागिने व भांडीं असा एकूण सुमारें २८ किलो वजनाचा निधि सांपडला. १३४९ च्या संहाराच्या सुमारास तो पुरलेला आहे. त्यांत लग्नांतील एक सोन्याची अंगठी असून तिच्यावर लहानसें देऊळ घडविलेलें आहे व त्यावर शुभेच्छेचे दोन शब्द हिब्रू लिपींत कोरले आहेत. एल्सासमधील कोल्मार येथें १८६३ सालीं यहुदी आळींतील एका भिंतींत मिळालेल्या निधींतहि अशीच एक अंगठी निघाली होती. एर्फुर्टचा निधि तेथील जुन्या सिनॅगॉगांत ठेविलेला आहे.